होडी घाट चढते

खाडीकाठच्या एका गावात शालन नावाची एक बाई राहत असे. तिला प्रत्येक गोष्टीतले 'का' विचारायची खोड होती. तिचे वडील गोविंद मेस्त्री होड्या बांधत आणि शालन त्या पिकअपमागे ट्रेलर जोडून गिऱ्हाइकाकडे पोहोचवी.

एकदा घाटापलीकडच्या धरणाकाठच्या वाडीने होडी मागवली. तिथली जुनी होडी कुजली होती. माणसे पिंपांच्या तराफ्यावरून पाणी ओलांडत, आजाऱ्यांनाही तसेच नेत. म्हणून होडी तयार होताच बापलेक निघाले.

पिकअप आपले गिअर आपोआप बदलत असे. तिच्या गिअरच्या दांड्यावर ओव्हरड्राइव्हचे बटण होते. ते चालू असले की चाके भरभर फिरत, इंजिन मात्र सावकाश फिरे. आवाज कमी आणि डिझेलही कमी. मेस्त्रींनी ते बटण कधीच बंद होऊ दिले नव्हते. गाडी गप्प चालली म्हणजे सुखात आहे, असे त्यांचे मत होते.

सपाटीवर गाडी खरेच सुखात होती. घाट लागला आणि तिचे काहीतरी बिनसले. ती वरचा गिअर घेई, दम तुटला की खालचा घेई, जरा सावरली की पुन्हा वरचा. शालनला वाटले, ही अशी घुटमळते का आहे? मेस्त्री म्हणाले, पाय दाबून धर, चढेल. तिने दाबला. घुटमळणे वाढले आणि जळका वास येऊ लागला.

एका रुंद वळणावर शालनने गाडी थांबवली, चाकांना दगड लावले आणि खाली वाकून पाहिले. गिअरबॉक्सची धग दुरूनच हाताला लागली. अजून अर्धा घाट बाकी होता. इथे गाडी बंद पडली असती तर होडीही इथेच राहिली असती.

गाडी निवेपर्यंत ती दगडावर बसून विचार करत राहिली. खालून एक म्हातारा डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन चढत होता. त्याची पावले अगदी आखूड पडत होती, पण भरभर. शालन बराच वेळ त्या पावलांकडे बघत राहिली. ओझे घेऊन चढताना इंजिनानेही असेच भरभर फिरायला हवे, असे तिच्या मनात आले. मग ती उठून गाडीत बसली आणि तिने बटण बंद केले.

इंजिनाचा आवाज एकदम चढला. मेस्त्रींचा चेहरा उतरला.

"अगं, ओरडतंय ते. मोडेल."

"ओरडत नाही, बाबा. काम करतंय. एवढं एक वळण बघू या, नाहीतर पुन्हा चालू करते."

मेस्त्री दाराची कडी घट्ट धरून बसले. एक वळण गेले, मग दुसरे गेले. गाडी हळू चालली होती, पण गिअर एका जागी टिकून होता. जळका वास पुन्हा आला नाही. तिसऱ्या वळणावर मेस्त्रींनी कडी सोडली.

माथ्यावर सपाट रस्ता लागला तसे शालनने बटण परत चालू केले. मेस्त्री चकित झाले. बंद ठेवूनच बरे चालले होते ना, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, "तो चढ होता. इथे कशाला उगाच दमवायचं?"

पुढे धरणाकडचा उतार आला. आता ती काय करते, हे मेस्त्री निरखून पाहू लागले. तिने बटण पुन्हा बंद केले. इंजिनानेच गाडीला आवरून धरले, ब्रेकवर फार भार आला नाही आणि मागची होडी अंगावर रेटत आली नाही.

वाडीतली माणसे पाण्याशी उभी होती. सगळ्यांनी हात लावून होडी पाण्यात ढकलली. पहिल्या खेपेला ताप आलेली एक बाई आणि तिची आई पलीकडे गेल्या. मेस्त्री होडीकडे बघत होते. थोड्या वेळाने ते लेकीला हळूच म्हणाले, "मला वाटायचं, गप्प असलं की सगळं ठीकच असतं."

तात्पर्य: मोकळ्या वाटेवर जी सवय सुख देते, तीच ओझे ओढताना घात करू शकते. म्हणून सवयीच्या भरवशावर न राहता भार आणि वाट पाहून चाल बदलावी.