दोनशे एकावी काहिली

“पण काहिली म्हणजे नेमकी कशाची, बाबा? अंगाची का मनाची?”

ऋजुतानं तिसऱ्यांदा विचारलं. गुलाबशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांनी तिसऱ्यांदा नुसतं “हं...” केलं.

जळगावकडचं वैशाखातलं ऊन. कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. आणि ही पोरगी पुण्याहून आलेली, उन्हानं माणसाच्या मनाचं काय होतं ते शोधायला. शिकलेली चिक्कार. फॉर्मही झोकात छापलेला. एक रकाना अंगाच्या त्रासाचा, एक मनाच्या त्रासाचा. माणशी खूण एकच करायची, असं तिच्या मॅडमनी बजावलेलं.

आता मॅडमना काय ठाऊक, इकडची माणसं कशी बोलतात. दोनशे घरं पालथी घातली बिचारीनं. काय होतं म्हणून विचारलं, की जो तो म्हणे, “काहिली होते, ताई.” सासूची काहिली, सुनेची काहिली. ज्याचा भाऊ ऊन लागून गेला, त्याचीही काहिलीच. दोनशे फॉर्म, आणि खूण एकावर नाही.

गावातलं दुखणं कुणाचंही असो, शेवटी फकिराच्या ओट्यावर येतं. म्हणून ही पण आली.

“उद्या फॉर्म द्यायचेत,” ती म्हणाली. “मनाच्या रकान्यात खुणा नसल्या, तर मनाचा डॉक्टर दुसऱ्या तालुक्याला देतील. इथं कुणी येणार नाही. आणि मी अंदाजानं खुणा केल्या, तर ते खोटं.”

“मग अर्ध्या इकडं कर, अर्ध्या तिकडं.”

“बाबा, हे शास्त्र आहे.”

“बरं बाई. मला वाटलं भाकरी आहे.”

ऋजुता ओढणीनं मान पुसत राहिली.

फकिरानं लसूण बाजूला सारला. एक कोरा फॉर्म ओढून घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला. पेन मागितलं.

“नाव?”

“माझं कशाला?”

“दोनशे झाले ना? तू दोनशे एकावी.”

“...ऋजुता खैरनार.”

“झोप लागते, बेटी?”

“नाही. खोलीवर पत्रा आहे, रात्रभर तापलेला असतो. आणि... त्या घरातला भाऊ ऊन लागून गेला ना, त्याची चप्पल अजून त्यांच्या दारात आहे. तीच दिसत राहते.”

“म्हणजे काय होतं तुला?”

ऋजुतानं तोंड उघडलं. पुस्तकातले चांगले पाच-सहा शब्द होते तिच्यापाशी, जड जड. वेळेला एक मेला वर येईना.

“काहिली होते, बाबा.”

बोलून गेली, आणि जीभ चावली.

फकिरानं पेन या रकान्यावर नेलं. मग त्या रकान्यावर नेलं...

“लिहू कुठं?”

“अंगाच्या... नाही, मनाच्या. थांबा हं... नाही, अंगाच्याच...”

गालावरून काहीतरी ओघळलं. घाम होता का दुसरं काही, तिचं तिलाही कळेना.

फकिरानं उठून माठातलं तांब्याभर पाणी आणून दिलं. अर्धं ती घटाघटा प्यायली. अर्धं तोंडावर मारलं. डोळे मिटून बसून राहिली...

“बरं वाटलं?”

“वाटलं, बाबा.”

फकिरानं पेन परत उचललं.

“कुणाला?”