वस्तादांची नजर

एका गावात रायाजी नावाचे वस्ताद मुलामुलींना मल्लखांब शिकवत. उतारवयात त्यांच्या मानेचे मणके एकमेकांना जखडत गेले. मान झुकत झुकत हनुवटी छातीला टेकली. समोरचा माणूस त्यांना जेमतेम गुडघ्यापर्यंत दिसे. कुणी विचारलं की म्हणत, "मला काही त्रास नाही. शिकवायला मान कशाला लागते?" खांबावरचं मूल तर दिसतच नसे. जमिनीवरच्या सावलीवरून अंदाज बांधून ते सूचना देत.

एकदा सुगंधा नावाची मुलगी खांबाच्या टोकाशी उलटी लटकली होती. तिच्या पायांची पकड सैल होती. "छान," वस्ताद म्हणाले. "आता हात सोड." तिने हात सोडले आणि ती खाली कोसळली. माती मऊ होती, म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं.

"माझंच चुकलं, वस्ताद," ती म्हणाली.

'हो' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण वस्तादांना ते जमेना. "तुझं नाही, पोरी. पकड मी बघायला हवी होती. मला वरचं काही दिसत नाही."

"ठाऊक आहे आम्हाला," सुगंधा हळूच म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

वस्ताद शहरात मणक्यांच्या डॉक्टर पेंढारकरबाईंकडे गेले. त्यांनी तपासून सगळं स्पष्ट सांगितलं. "थोडं हाड कापून मान उचलायची आणि स्क्रू लावून पक्की करायची. मज्जारज्जू तिथूनच जातो, म्हणून जोखीम आहे. मान नंतरही वळणार नाही, पण समोरचं दिसेल."

"मग अगदी ताठ करा."

"नको. ताठ केली तर पायाखालचं दिसणार नाही. किंचित झुकती ठेवू."

"भीती वाटते, डॉक्टरबाई," वस्ताद म्हणाले. असं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"वाटणारच. मलाही वाटते. म्हणून मी घाई करत नाही."

शस्त्रक्रिया बराच वेळ चालली. शुद्धीवर आल्यावर वस्तादांनी आधी हातापायांची बोटं हलवून पाहिली. सगळी हलली. पुढे त्यांना उठवून बसवलं, तेव्हा समोर डॉक्टरबाईंचा चेहरा होता. वस्ताद बघतच राहिले. "तुम्ही एवढ्या तरुण आहात होय? चपलांवरून वाटलं नव्हतं." डॉक्टरबाई खळखळून हसल्या.

मानेचा पट्टा सुटल्यावर वस्ताद आखाड्यात परतले. मान वर होत नव्हती, म्हणून त्यांनी स्टूल लांब भिंतीशी ठेवलं. तिथून अख्खा खांब दिसत होता. सुगंधा सरसर वर चढली, उलटी झाली आणि नेहमीच्या सवयीने तिने वस्तादांना जीभ काढून दाखवली. मग तिच्या लक्षात आलं. आता वस्तादांना सगळं दिसत होतं.

"जीभ आत," वस्ताद शांतपणे म्हणाले. "आणि डाव्या पायाची पकड घट्ट कर."

तिने पकड घट्ट केली. मग मात्र वस्तादांनाच हसू आवरेना.

तात्पर्य: आपली उणीव आपण लपवली, तर तिचा त्रास आपल्यावर विसंबलेल्यांना होतो. ती मोकळेपणी सांगितली, तरच तिच्यावर उपाय होऊ शकतो.