मरळीच्या कलेजीचं नाव

“...पण बाबा, तुम्ही मला काय खाऊ घालत होता, हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का?”

“कलेजी,” दसारामबाबा म्हणाले. “मरळीची.”

गुणवंत हसला. मोठ्या माणसांसारखं हसायला शिकून आला होता. नऊ वर्षांनी ऊन कलताना तलावावर उगवला आणि बाबांच्या खाटेसमोर बसल्या बसल्या त्यांचीच परीक्षा घ्यायला लागला. मी त्यांची शेजारीण, ओट्यावर चिंचा फोडत होते. हात कामात होते, कान थोडेच कामात होते.

“कलेजीत काय होतं?”

“कडू. थुकून टाके तू.”

खरंच थुंकायचा हो. सात वर्षांचा होता. दिवस बुडाला की भिंतीवर आदळायचा. रातांधळा. आमच्या मासेमार ढिवरांत रीत होती, पहिली कलेजी त्याची, ज्याला सांजेला दिसत नाही. बाबा ती पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजायचे आणि याचं नाक धरून भरवायचे. अख्खा हिवाळा भरवली. पुढे जाळं फेकायला, पाणी ओळखायला त्यांनीच शिकवलं. ते दिवस आठवले की अजून माझा ऊर भरून येतो. सांज झाली की साऱ्या काठावर पळसपानाचा धूर असायचा. आता तलावच ठेक्यात गेला, आम्हाला मासा धरायची बंदी.

“पुस्तकात जीवनसत्त्व अ म्हणजे रेटिनॉल,” गुणवंत सांगत होता. “पण गोड्या पाण्यातल्या माशांत त्याचा दुसरा प्रकार सापडतो. अ-दोन. फार लोकांना माहीत नाही. मी आठ वर्षं त्यावरच काम केलं. त्याचं शास्त्रीय नाव डीहायड्रोरेटिनॉल.”

“पुन्हा म्हन.”

त्यानं पुन्हा म्हटलं.

“लांब हाय.”

“त्याच्यामुळं माशाला गढूळ पाण्यातला तांबडा उजेड जास्त दिसतो, बाबा.”

“माशाले ठाऊक हाय का हे नाव?”

“नाही.”

“तरी दिसते...”

मी पदर तोंडाला लावला. गुणवंत मात्र चिडला. दुसरा सूर लावून पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावायला बसला. डोळ्याचा पडदा काय, प्रकाश काय, त्याची प्रयोगशाळा काय. बाबा ऐकत होते. पलीकडच्या काठावर सूर्य टेकला, बुडाला, तरी याचं संपेना.

शेवटी त्यानं पिशवीतून जाडजूड प्रबंध काढला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला.

“सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबा. पण मला तुमची शाबासकी हवी आहे. तुम्ही आजवर एकदाही दिली नाहीत. तेवढ्यासाठी आलो.”

मला तो पुन्हा सात वर्षांचा वाटला.

बाबांनी प्रबंध बाजूला सरकवला.

मग त्यांनी हात उचलला, त्याच्या डोक्यावर ठेवायला. हात गुणवंताच्या कानाजवळून पुढे गेला. हवेत थांबला. चाचपडला. मांडवाच्या मेढीला लागला आणि तिथंच राहिला.

गुणवंतानं माझ्याकडं पाहिलं.

“दोन हिवाळे झाले, सांजेला दिसत नाही त्यांना,” मी म्हटलं. “तलाव गेल्यापासून घरात मासा शिजत नाही. भात आणि चिंचेचं सार, बस. कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती मला. मोडली आज.”

त्यानं बाबांचा हात मेढीवरून काढून दोन्ही हातांत धरला. रडत होता, लपवायचंही भान नव्हतं त्याला.

“बाबा, इतका वेळ मी समोर बसलोय... मला का नाही सांगितलंत?”

बाबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

“तू आला तवा दिसत होता गा, गुणवंता. मंग तू सांगत बसला... सांगत बसला... अन् दिसेनासा झाला.”