ऐन लग्नसराईत गप्प झालेली ऐरण

एकदा एका गावात ऐन लग्नसराईत तांबट आळीतली एक ऐरण गप्प झाली. सगळ्या आळीत ठोक्यांचा नुसता कल्लोळ चाललेला, आणि जिच्यावर सगळ्यांत मोठं काम येऊन पडलं होतं, तीच गप्प. लोकांनी तर्क केले, काहींनी नावं ठेवली. खरं काय घडलं ते असं.

त्या ऐरणीचे धनी एक वृद्ध तांबट होते. आळी त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्या हाताखाली महादू नावाचा तरुण शिष्य होता. गुणी आणि कष्टाळू. देवाने त्याला सगळं काही दिलं होतं, फक्त घटकाभर बूड टेकायची अक्कल द्यायची तेवढी राहून गेली होती. त्यात तो नुकताच बाप झालेला. त्याला सारखं वाटे, आपण जरा टेकलो की घरातली चूल विझेल, पोर उपाशी राहील, रांजणातलं पाणीसुद्धा आटेल.

गावातल्या एका शेटजींनी लेकीच्या लग्नासाठी तांब्याची भांडी सांगितली. हंडा, कळशी, घंगाळ, सगळी मठाराची. मठार म्हणजे भांड्यावर हातोडीने उठवलेले बारीक ठसे, कणसावर दाणे बसावेत तसे ओळीने बसलेले. अण्णांनी हे काम महादूच्या हाती सोपवलं.

"हे लग्न नीट निघालं, की ही ऐरण तुझी. माझा खांदा आता उठत नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर भाता आहेच. तोही कुणाला तरी ओढावाच लागतो की," असं म्हणून अण्णा हसले. महादूला मात्र हसू आलं नाही.

त्या दिवसापासून त्याने स्वतःला कामाला जुंपलं. पहाटे उठून बसायचं ते दिवे लागले तरी उठायचं नाही. जेवण ऐरणीपाशीच, एका हातात भाकरी नि दुसऱ्या हातात हातोडी. आणि नवल असं, की जितके ठोके वाढले तितकं काम घटत गेलं. ओळ सरळ निघेना. वाकडी गेली की तो ती सपाट करी, पुन्हा मठारी, पुन्हा सपाट करी. सकाळी केलेलं दुपारी मोडायचं, दुपारचं संध्याकाळी.

एका रात्री घरी त्याची बायको म्हणाली, "मी मघापासून बोलतेय ते ऐकलंत का?"

"हं."

"काय म्हणाले मी?"

"मीठ संपलंय."

"बाळाला ताप आहे म्हणाले."

तो दचकून उठला, बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंडगार होतं. बायको म्हणाली, "ताप नाहीये. तुम्ही अजून या घरात आहात का, तेवढंच बघत होते."

एवढ्यानेही तो शहाणा झाला नाही. तांब्याचा एक स्वभाव आहे. ते ठोकता ठोकता ताठरतं. मग हातातलं काम थांबवून ते भट्टीत लाल करावं लागतं आणि पाण्यात सोडावं लागतं. तेव्हा ते पुन्हा मऊ पडतं आणि हातोडीचं ऐकतं. तांबटाचं पोर हे रांगतानाच शिकतं. पण महादूला आता भट्टीपर्यंत जायलाही उसंत नव्हती. 'एवढी ओळ होऊ दे, मग तापवू' असं म्हणत तो ठोकत राहिला, आणि हंड्याचा गळा चिरला.

नेमके त्याच वेळी शेटजी दारात उभे. त्यांनी हंडा उचलून उजेडाकडे धरला.

"अण्णा, माझ्या लेकीनं सासरी जाऊन पाणी भरायचंय की पीठ चाळायचंय?"

महादूची मान खाली गेली.

"पोरगा चांगला असेल हो," शेटजी म्हणाले, "पण हे त्याच्या आवाक्यातलं नाही. तुम्ही स्वतः बसा, नाहीतर मी काम शेजारी देतो. हळद दाराशी आलीय माझ्या."

"आजचा दिवस जाऊ द्या, शेटजी," अण्णा शांतपणे म्हणाले. "उद्याही नका येऊ. परवा या."

दुसऱ्या दिवशी महादू पहाटेच आला. पाहतो तर अण्णा दाराला कुलूप घालत होते. किल्ली त्यांनी कमरेला खोचली.

"चल."

"कुठं?"

"देवराईत."

"अण्णा, हंडा पुन्हा पहिल्यापासून घडवायचाय. घंगाळ तर अजून..."

"म्हणून तर चल म्हणतोय."

आळीतून जाताना कुणीतरी हटकलं, "काय अण्णा, गुरुशिष्य कुठं निघाले? वरातीला?"

"हो ना. नवरदेव रुसलाय, त्याला फिरवून आणतो."

गावाबाहेर डोंगराच्या कुशीत देवराई होती. तिथली काडीही कुणी मोडत नसे आणि लोखंडाची वस्तू आत नेत नसे. हद्दीच्या शिळेपाशी अण्णा थांबले.

"तुझं पोट आज फार सुटलेलं दिसतंय."

"भाकरी बांधून आणलीय, अण्णा."

"भाकरी खणखणते का रे?"

महादूने मुकाट्याने उपरण्याखालून हातोडी काढली आणि तांब्याचा एक लहान गडूही काढला. बसल्या बसल्या मठारायला आणला होता. दोन्ही शिळेपाशी ठेवताना त्याला रस्त्यात पोर टाकून चालल्यासारखं वाटलं.

आत मोठमोठी झाडं, त्यांना माणसाच्या मांडीएवढे वेल, खाली ओहोळ. अण्णांनी एका मुळीवर डोकं टेकलं आणि ते घोरू लागले. महादू तळमळत बसला. आळीतले सगळे आता कामाला लागले असतील. हंडा, कळशी, घंगाळ. हंडा, कळशी, घंगाळ.

अण्णा मध्येच डोळे न उघडता म्हणाले, "काय ऐकू येतंय?"

"ठोके."

"इथं कोण ठोकतंय?"

महादू ओशाळला. "माझ्याच डोक्यात वाजताहेत, अण्णा."

"मग ते दुकान बंद होईस्तोवर बस." आणि अण्णा पुन्हा घोरू लागले.

ऊन वर आलं. करायला काहीच नसल्यामुळे महादूने पाय ओहोळात सोडले. थोड्या वेळाने त्याचा अंगठा कुणीतरी चिमटीत धरला. तो ओरडून उठला तर एक खेकडा. त्याला धरायला वाकला तो घसरून पाण्यात बसला, अगदी कमरेपर्यंत. मागून अण्णांचं हसू फुटलं. महादूला आधी राग आला, मग त्यालाही हसू आलं, आणि एकदा आलेलं हसू थांबेचना. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता. दोघांनी ओल्या अंगाने भाकरी खाल्ली. मग महादू कधी झोपला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती. तो निजूनच राहिला. ओहोळ एका जागी दगडावरून जात होता, तिथे त्याचा आवाज पातळ होता. खाली मुळ्यांच्या ढोलीत शिरत होता, तिथे जाड. वर वाळकं पान पडलं, तेही ऐकू आलं. डोक्यातले ठोके कधी थांबले होते कोण जाणे.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "काम गळ्याशी आलेलं असताना तुम्ही मला इथं का आणलंत?"

अण्णा म्हणाले, "तांबं ताठरलं तर आपण त्याच्यावर रागावतो का? आणखी जोरानं ठोकतो का? थांबतो, तापवतो, पाण्यात सोडतो. त्याला कुणी वेळ वाया घालवणं म्हणत नाही, ते घडवण्यातलंच काम असतं. माणूसही तसाच ताठरतो, बाबा. तू हंड्याला विश्रांती द्यायला विसरलास, कारण त्याआधी स्वतःला द्यायला विसरला होतास. झाडं आपल्याकडून काही मागत नाहीत. त्यांच्याजवळ बसलं की मन पुन्हा मऊ पडतं. आणि मऊ मनालाच भांडं काय म्हणतंय ते ऐकू येतं."

परत निघताना महादूने अण्णांना हात देऊन ओहोळ पार करवला आणि शिळेपाशी ठेवलेली हातोडी नि गडू उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो ऐरणीपुढे बसला. हातोडी तीच, तांबं तेच. पण पत्रा जिथे जाड होता तिथे ठोका बसका येत होता आणि जिथे पातळ होता तिथे उंच. हे आवाज तो लहानपणापासून ओळखत होता, मध्येच कुठे ते हरवले होते. ओळ आपसूक सरळ चालू लागली. मोडायचं काहीच उरलं नाही, म्हणून संध्याकाळच्या आत हंडा गळ्यापर्यंत आला. ठरल्याप्रमाणे शेटजी आले, हंड्यावरून हात फिरवला आणि परत गेले. काम शेजारी देण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मग रोज दुपार कलली की महादू हातोडी ठेवून तासभर डोंगराकडे जाई. शेजारी म्हणत, "हा बघा, निघाला सरदार हवा खायला." आणि तरीही हळदीच्या आधी सगळी भांडी तयार होऊन ओळीने मांडली गेली.

शेटजींनी ती निरखली. "पोरानं दिवसरात्र एक केलेलं दिसतंय."

"छे हो," अण्णा म्हणाले, "दिवस दिवसाच्या जागी ठेवला न् रात्र रात्रीच्या."

शेटजींची गाडी भांडी घेऊन वळणाआड गेल्यावर अण्णा बाजूला सरकले आणि ऐरणीपुढची धन्याची घोंगडी त्यांनी हाताने झटकली. महादू त्यांच्या पाया पडला आणि घोंगडीवर बसला. बसतोय तोच एक गिऱ्हाईक घाईघाईने आत आलं.

"लग्न आहे आमच्याकडं. जेवायलासुद्धा उठायचं नाही, असं बसणार असाल तरच काम देतो."

महादूने एकवार अण्णांकडे पाहिलं. ते आढ्याकडे बघत होते.

"जेवायला उठेन," महादू म्हणाला, "हिंडायलाही जाईन. भांडी मात्र वेळेवर मिळतील."

ज्याच्यापुढे आज कामाचा डोंगर असेल, त्याने आधी घटकाभर एखाद्या झाडाखाली जाऊन बसावं, म्हणजे ते काम लवकर हातावेगळं होतं.