कासवाच्या मानेवरची जागा

फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते तेव्हा, एक म्हातारं कासव प्राण्यांना पाठीवरून पैलतीरी पोचवायचं. जो सगळ्यांत जास्त खेपा करील, त्याला मानेवरची उंच, कोरडी जागा मिळायची.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण एका सरड्याला त्या जागेनं झपाटलं होतं. पैलतीरी काही काम नसतानाही तो रोज जायचा आणि तसाच परत यायचा. अखेर कासव म्हणालं, "या सरडोबा, आजपासून पुढे बसा." सरडा ऐटीत मानेवर चढला. मागे पाठीवर बसलेल्या उंदराकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

नदीच्या ऐन मध्यावर समोर मगरीचे डोळे वर आले. "कासवदादा, मागे फिरा!" सरडा किंचाळला. कासवानं झटकन मान आत ओढली आणि सरडा पाण्यात पडला. मगरीनं जबडा उघडला, तेवढ्यात उंदरानं आपली शेपटी खाली सोडली. ती धरून सरडा कसाबसा पाठीवर आला. मगरीचे दात कवचावरून घसरले आणि ती चरफडत निघून गेली.

काठावर सरडा म्हणाला, "अहो, मी तुमचा रोजचा प्रवासी!"

"खरंय," कासव म्हणालं, "पण मान माझी आहे. जिवावर बेतलं की ती आधी आत जाते."

उंदीर ओली शेपटी झटकत कासवाजवळ सरकला. "दादा," त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे ती पुढची जागा आता रिकामी झाली ना?"