कुंभाराच्या येसूची नजर

पोरांना गोष्ट सांगा, म्हणून सुनेनं सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. सांगतो. पण गोड गोष्ट हवी असेल तर दुसरा म्हातारा बघा.

एका गावात एक कुंभार होता, रावजी नावाचा. त्याची मुलगी येसू, सहा-सात वर्षांची. पोर गुणाची. आईला पाणी आणून द्यायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडायची, शेजारच्या आंधळ्या म्हातारीला हात धरून ओट्यावर बसवायची. कुणाला सांगावं लागत नव्हतं.

एकदा बाजार तोंडावर आला म्हणून रावजीनं घाई केली. मडकी नीट वाळली नव्हती, तशीच भट्टीत रचली. सगळी तडकली. बायको बोलायला लागली, शेजारी हसायला लागले. रावजीला आपली चूक कबूल करवेना. तो म्हणाला, "भट्टी पेटवताना ही कार्टी समोर उभी होती. हिची नजरच वाईट."

बोलला आणि विसरला. गाव कशाला विसरतंय? येसू दिसली की विहिरीवर बाया घागर पदराखाली घ्यायला लागल्या. आईनंही धास्ती घेतली. भट्टी पेटवायच्या दिवशी ती येसूला कुंपणामागं पाठ करून बसवायची. पोर आधी रडली. मग रडायचीही थांबली. आंधळ्या म्हातारीनं हाक मारली तर लांबूनच म्हणायची, "मी नको, आजी. तू पडशील."

पुढं एका भट्टीच्या दिवशी ती अशीच कुंपणामागं बसली होती. समोर माती काढून झालेला मोठा खड्डा, पाण्यानं भरलेला. धाकटा दुडदुडत तिला शोधत आला आणि काठावरून घसरला.

येसूनं पाहिलं. लगेच दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले.

पोर गेलं.

आई ऊर बडवून म्हणाली, "अगं, हाक तरी मारायचीस."

येसू म्हणाली, "मी बघितलं की वाईट होतं ना? म्हणून मी बघितलंच नाही. मला वाटलं, आता तो वर येईल."

रावजीनं पोरीपुढं हात जोडले. मडकी ओली होती, तुझ्या नजरेत काही नव्हतं, चूक माझी होती, असं सगळं सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं. मान हलवली.

पुढची भट्टी लागली, तेव्हा तिला कुणी काही म्हटलं नाही. ती आपणहून उठली, कुंपणामागं गेली आणि पाठ करून बसली.

तात्पर्य: लहान पोराला आपली माणसं जे म्हणतात, ते त्याला खरं वाटतं, आणि मग त्याचा मदतीला उठलेला हातही मागं येतो. म्हणून आपली चूक पोराच्या माथी मारू नये. मारली तर ती त्याच्या मनात मुरायच्या आत माफी मागावी. ज्यांनी अजून मागितली नाही, त्यांत पहिला, लहानपणी आपली चूक माझ्या माथी मारणारा माझा थोरला भाऊ, तात्याबा.