बाप्तिस्मा झालेली तोफ

फार जुन्या काळी समुद्रापलीकडच्या एका राजाने आपल्या इकडच्या किनाऱ्यावर किल्ला बांधला होता. त्याच्या लोकांची एक रीत होती. नवी तोफ तटावर चढली की पाद्रीबाबा तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून तिला एखाद्या संताचं नाव देत. गोळा ज्यांच्या घरावर पडे, त्यांना ते नाव कधी कळत नसे, ती गोष्ट वेगळी!

अशीच एक तोफ आली. तिचं नाव ठेवलं आग्नेस.

तटाला लागूनच चर्च होतं. दर रविवारी पाद्रीबाबा सांगत, "वैऱ्याचंही भलं करा." आग्नेसला वाटलं, आपला बाप्तिस्मा झालाय, म्हणजे हे आपल्यालाही सांगितलंय.

एके दिवशी खाडीपलीकडच्या गावाने राजाचा हुकूम मानायला नकार दिला. कप्तान गरजला, "उडवा ते गाव!"

गोलंदाजाने आग्नेसला बत्ती दिली. पाद्रीबाबा शेजारीच उभे होते. दारू पेटलीच नाही. तोफ मात्र बोलली.

"पाद्रीबाबा, वैरी म्हणतात ते हेच ना? मग यांचं भलं कसं करू, तेवढं सांगा."

शिपायांनी नकळत डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

"काढून घ्या तिचं नाव!" कप्तान ओरडला.

पाद्रीबाबा म्हणाले, "कप्तानसाहेब, नाव द्यायची प्रार्थना आहे. काढून घ्यायची नाही."

कप्तान दातओठ खात शेजारच्या तोफेकडे धावला. पण तटावरच्या प्रत्येक तोफेला नाव होतं, आणि दर रविवारी त्या सगळ्याच ऐकत होत्या.